जमेची बाजू रांजणात

आपल्या लोकांना खर्च लिहून ठेवायची सवय नाही, असं पैशाअडक्यावर सल्ले देणारी मंडळी टीव्हीवर सांगत असतात. ती कधी नाणेघाटात आलेली नसणार. जुन्नरहून आपटाळ्यावरून घाटघर गाठलं आणि पठाराच्या कडेनं खाली उतरलं, की कातळात कोरलेली एक गुहा लागते. तिच्या भिंतींवर नागनिका राणीच्या नावानं ओळखला जाणारा सातवाहनांचा लेख आहे. विद्वान त्यावर लिपी, राजवंश, धर्म अशा अंगांनी पुष्कळ लिहितात. साध्या माणसाच्या नजरेला ती दोन हजार वर्षांपूर्वीची खर्चाची यादी आहे. यज्ञ कोणता केला, त्यात गायी किती गेल्या, घोडे किती, हत्ती किती, रोख किती, सगळं आकड्यांनिशी. देशातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये हे अंक धरतात. म्हणजे आकडे लिहायला शिकल्यावर आपण जवळजवळ पहिलं काम केलं ते खर्च मांडायचं.

त्यात एका यज्ञाची रोख दक्षिणा २४,४०० कार्षापण आहे. त्याच्याच पुढं, जे नुसते बघायला आले होते आणि जे हाताखाली राबले, त्यांच्यावर ६,००१ खर्च झाले, अशी नोंद आहे. बघायला आलेल्यांचा खर्च वेगळा दाखवण्याचा हा प्रामाणिकपणा पुढं टिकला नाही. लग्नात आजही तोच आकडा सगळ्यात मोठा असतो, पण आपण तो ‘केटरर’ या नावाखाली दडवतो.

आणि वरचा तो एक! दुसऱ्या एका यज्ञात दक्षिणेच्या गायी १,१०१ आहेत. आहेराच्या पाकिटाला रुपयाचं नाणं चिकटवून मिळतं तसं वरची एक गाय कशी चिकटवून दिली असेल, याचा खुलासा लेखात नाही. पण ‘शून्यावर देऊ नये, वर एक ठेवावा’ हे कुणातरी आजीनं राणीलाही सांगितलं असणार.

मात्र या लेखात जमा नाही, नुसता खर्च आहे. जमेची बाजू घाटाच्या तोंडाशी, दगडी रांजणात. कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची असं सांगतात. जमा रांजणात, खर्च गुहेत, आणि दोन्हींचा मेळ कुणी लावला त्याचा शिलालेख अजून सापडलेला नाही. जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचेही लेख आहेत. ठेव किती, कुणाकडे आणि कशासाठी, हे दगडावर. ठेवीदाराला पावती हरवायची भीती नाही आणि श्रेणीला ‘अशी ठेव आमच्याकडे नाहीच’ म्हणायची सोय नाही. पतसंस्थांना ही पद्धत अजून कुणी सुचवलेली दिसत नाही.

एवढी परंपरा असलेल्या मुलखात हिशोब शिकवायला मोबाइलमधलं अ‍ॅप यावं, हे जरा गमतीचंच. ते आलं भाच्याबरोबर. आमच्या भागात आता घरटी एक भाचा हिंजवडीला असतो. तो जत्रेला येतो, मामाच्या फोनमधले ‘शुभ सकाळ’चे फोटो उडवून जागा करतो आणि त्या जागेत काहीतरी सुधारणा बसवून जातो. एका वर्षी त्यानं हवामान बसवलं, एका वर्षी योगासनं. यंदा बजेट.

या धंद्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत ‘मिंट’ नावाचं असं दुकान २००७ साली निघालं आणि लोकांना ‘पैसा जपा, टिकाल’ सांगता सांगता २०२४ साली स्वतःच गुंडाळलं गेलं. आपल्याकडं ‘वॉलनट’ निघालं २०१४ साली, तेही पुण्यात. पुणेकरांनी दुसऱ्याच्या खर्चावर लक्ष ठेवणारं यंत्र काढलं यात आश्चर्य करण्यासारखं काही नाही. ते इतक्या उशिरा का काढलं, एवढंच. त्याची युक्ती सोपी होती. बँकेचा मेसेज आला की अ‍ॅपनं तो वाचायचा आणि खर्च आपला आपण लिहून घ्यायचा. पुढं २०१८ साली कर्ज देणाऱ्या एका कंपनीनं ते विकत घेतलं. म्हणजे आधी तुमचा खर्च बघायचा आणि मग ‘काही कमी पडतंय का?’ म्हणून विचारायचं. आमच्याकडे आडत्या ही दोन्ही कामं पूर्वीपासून एकाच गादीवर बसून करतो, वर चहा पाजतो.

तर थोरल्या दादांच्या फोनमध्ये असंच एक अ‍ॅप बसलं. कोणतं, याला महत्त्व नाही. सगळी एकाच चुलीवरची. दादांची शेती कुकडीच्या कालव्याखाली. थोडा ऊस, थोडा कांदा, टोमॅटो, गोठ्यात चार जनावरं. आजवरचा त्यांचा हिशोब तीन ठिकाणी असायचा. दूध आणि खुरपणीच्या बायका भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत, आडत्याच्या पट्ट्या बंडीच्या आतल्या खिशात आणि उरलेलं वहिनींच्या डोक्यात. भाच्याच्या मते ही व्यवस्था असुरक्षित होती.

“मामा, मंथली इन्कम किती टाकू?”

“कोणत्या महिन्याचं?”

“कोणत्याही.”

“जून शून्य. जुलै शून्य. ऑगस्टचं बाजारवर.”

“तसं नाही. दर महिन्याला साधारण किती येतात?”

“दर महिन्याला येतं ते लाइटबिल.”

भाचा नेटानं बसला. उसाचे पैसे कारखान्याकडून हप्त्यांनी येतात. शेवटचा हप्ता दिवाळीला येईल असं बोललं जातं, पण कोणत्या दिवाळीला ते बोललं जात नाही. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी, पशुखाद्याची पोती कापून. टोमॅटोचं तर बोलायलाच नको. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढं गेलं होतं आणि लोक रात्री बॅटरी घेऊन पिकाची राखण करत होते. भाव उतरतो तेव्हा हाच टोमॅटो तोडणीची मजुरी सुटत नाही म्हणून बांधावर पडतो आणि चोरालाही नको असतो. आणि बराखीतला कांदा? तो विकेपर्यंत पैसा आहे की भाजी, हे अर्थशास्त्रानं अजून ठरवलेलं नाही. अ‍ॅपनं त्याला ‘सेव्हिंग्ज’मध्ये घ्यायची तयारी दाखवली. फक्त व्याजदर विचारला. दादा म्हणाले, “लिही, उणे. सडतो ना निम्मा.”

शेवटी भाच्यानं वर्षभराचा अंदाज धरून त्याला बारानं भागलं आणि मामाला नोकरदार करून टाकलं.

अ‍ॅपला मात्र नोकरी म्हणजे काय ते त्याच्या पद्धतीनं कळत होतं. पीएम किसानचे दोन हजार आले, पाठोपाठ नमो शेतकरीचे दोन हजार आले. सारखीच रक्कम, सारख्याच नावानं, पुन्हा पुन्हा. अ‍ॅपनं निष्कर्ष काढला: ‘पगार जमा झाला.’ खाली बारीक अक्षरात सल्ला होता की पगाराच्या वीस टक्के रक्कम निवृत्तीसाठी बाजूला ठेवावी. दादांचं वय सत्तरीकडं झुकलेलं आणि सकाळी पाचला ते धारेला बसतात. निवृत्ती हा शब्द त्यांनी ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाच्या संदर्भातच ऐकला आहे.

वहिनींच्या फोनवरही भाच्यानं तेच बसवलं. त्यांना लाडकी बहीणचे पंधराशे येतात. मागंपुढं होतात, पण येतात. अ‍ॅपनं त्यांना हिरवा बिल्ला दिला: ‘नियमित मासिक उत्पन्न आहे.’ दादांना लाल त्रिकोण: ‘अनियमित.’ ट्रॅक्टर, पाइपलाइन, ऊस, कांदा यांसह सगळ्या घराचा धनी असलेला माणूस लाल त्रिकोणात, आणि पंधराशेवाल्या वहिनी घरातल्या एकमेव नोकरदार. त्या दिवसापासून वहिनींच्या हाक मारण्यात थोडा फरक पडल्याचा मला भास होतो.

मग आली खर्चाची खाती. ती अ‍ॅप बनवणाऱ्यानं आधीच ठरवून दिलेली असतात: घरभाडं, किराणा, बाहेरचं जेवण, करमणूक, सबस्क्रिप्शन, प्रवास, आरोग्य, पेट्स, भेटवस्तू, इतर. ज्यानं ही यादी केली त्याच्या घरी खताची गोणी कधी आलेली नाही, हे पहिल्याच वाचनात कळतं. औषध फवारणीचं बिल ‘आरोग्य’मध्ये गेलं. कुणाच्या, ते विचारायची सोय नव्हती.

जत्रेच्या वर्गणीवर थोडा वाद झाला. आमच्याकडे गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी तिथं जाऊन सुपाऱ्या ठरवतात. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाईंचं हे गाव. इथं तमाशाचा भाव करताना लोक जरा अदबीनं करतात, पण करतात. ती सुपारी, देवाचं पातळ-नारळ, शोभेची दारू, बैलगाड्यांची बक्षिसं हे सगळं घरटी वर्गणीतून निघतं. भाच्यानं विचार करून ती ‘सबस्क्रिप्शन’मध्ये टाकली. तर्कानं बरोबरच. पण आठवड्याभरानं अ‍ॅपचा मेसेज आला: ‘ही सेवा तुम्ही वर्षातून एकदाच वापरता. रद्द करून बचत करायची?’

दादांनी तो मेसेज पारावर वाचून दाखवला. पारावर थोडी शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, “आरं, पण रद्द केल्यावर राहायला कुठं जायचं, ते बी सांगतंय का ते?”

खरी गंमत मार्चअखेरीला झाली.

ज्यांना शेतीच्या कर्जाचा अनुभव नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. गावातली विविध कार्यकारी सोसायटी पीककर्ज देते, पैसा जिल्हा बँकेचा. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. मुदत बहुतेकांची ३१ मार्च. चुकली की सवलत गेली, वर थकबाकीदारांच्या यादीत नाव. आता मार्चअखेरीला शेतकऱ्याकडे पैसे असतातच असं नाही. किंबहुना सोसायटीच्या सचिवालाही ते ठाऊक असतं. मग ‘नवं-जुनं’ करतात. आडत्याकडून थोडे, मेव्हण्याकडून थोडे, कुणा सधन पाहुण्याकडून थोडे असे चार दिवसांसाठी उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, पावती घ्यायची. एप्रिलात नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून ज्याचे त्याचे परत. कागदावर सगळा गाव फेडून मोकळा, आणि आठवड्याभरानं सगळा गाव पुन्हा कर्जदार. आमच्या वाडीत तर तीच रक्कम एकाकडून दुसऱ्याकडं फिरते आणि चार घरं सोडवून येते. नोटा होत्या तेव्हा ती दमायची. आता मोबाइलवर फिरते, त्यामुळे निदान मळत नाही.

हे सगळं अ‍ॅपनं पाहिलं. त्याची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा. २७ मार्चला खात्यात लाखभर आले, मेव्हण्याकडून. अ‍ॅप खूश: ‘अभिनंदन! या महिन्यात तुमचं उत्पन्न वाढलं आहे.’ २८ ला आणखी आले, आडत्याकडून. पुन्हा अभिनंदन, आता फटाक्यांच्या चित्रासह. दादा बेचैन. माणसानं उसने पैसे गोळा करावेत आणि खिशातून कुणीतरी सारखं अभिनंदन करावं, हा प्रकार त्यांना अपशकुनासारखा वाटला. ३० तारखेला सगळी रक्कम सोसायटीत भरली. अ‍ॅप हादरलं: ‘तुमचा खर्च नेहमीच्या आठपट झाला आहे. अनावश्यक खरेदी टाळा.’ एप्रिलात नवं कर्ज खात्यात आलं, पुन्हा फटाके. दोन दिवसांत मेव्हण्याचे आणि आडत्याचे परत केले, पुन्हा लाल त्रिकोण. या सगळ्या काळात दादांनी स्वतःसाठी खरेदी केली ती एक तंबाखूची पुडी, आणि ती रोखीनं, त्यामुळे तिचा पत्ता अ‍ॅपला शेवटपर्यंत लागला नाही.

अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. कर्ज फेडून तेच कर्ज घेतल्यानं माणूस सुधारतो, ही कल्पना त्याच्या बापजाद्यांनी त्याला शिकवलेली नव्हती. ती ज्यांनी काढली त्यांनी सगळ्यांची सोय एकदम पाहिली: बँकेची वसुली दिसते, सोसायटीची टक्केवारी दिसते, शेतकऱ्याची सवलत टिकते. फक्त कर्ज तेवढं दिसत नाही, कारण ते त्या दोन-चार दिवसांत पाहुण्याकडं गेलेलं असतं.

आता बैल. हे जरा सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण आमच्या भागाच्या अर्थव्यवस्थेचा बराचसा उलगडा बैलांशिवाय होत नाही.

दादांचा शर्यतीचा एक बैल स्वतःचा आहे आणि दुसऱ्या एका बैलात चार आण्यांचा वाटा आहे. उरलेले बारा आणे मंचरकडच्या तिघांत. अ‍ॅपमध्ये जनावरांसाठी एकच खातं होतं, ‘पेट्स’. त्याच्यावर कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र, गळ्यात निळा पट्टा. भाच्यानं बजेट सुचवलं होतं महिना पाचशे रुपये. पहिल्याच आठवड्यात त्या पिल्लाच्या नावावर दूध, अंडी, उडीद, पेंड, मालिशचं तेल आणि शर्यतीला न्यायचं टेम्पोचं भाडं पडलं. अ‍ॅपनं काळजीनं विचारलं की आपण प्राण्याचा विमा काढला आहे का, आणि आपल्या जवळच्या ‘पेट ग्रूमिंग’ दुकानाचा पत्ता दिला. पिंपळे सौदागरचा. त्या दुकानात हा बैल न्यायची दादांची फार इच्छा आहे. म्हणतात, धुऊन आणू एकदा.

बैलगाडा शर्यतीचं अर्थकारण अ‍ॅपला न समजण्यासारखंच आहे. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली. मधली साडेसात वर्षं शर्यतीचे घाट ओस पडले. हिशोबी माणसाला वाटेल, चला, तेवढाच खर्च वाचला. पण कोर्टानं बैलांचं पळणं थांबवलं होतं, खाणं नाही. खुराक एक दिवस चुकला नाही. उलट, निकाल कधी लागेल सांगता येत नाही म्हणून बैल तयारीतच ठेवावा लागे. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला इकडं उडदाचा भाव विचारला जायचा.

आणि जिंकलं तर? घाट सेकंदात चढला, भंडारा उधळला, बारी पहिली आली. बक्षिसाला फ्रिज. एक फ्रिज आणि मालक चार. तो चार-चार महिने प्रत्येकाकडं फिरवायचा ठराव झाला. उन्हाळ्याचे चार महिने कुणाकडं, यावरून ज्या बैठका झाल्या त्यांतल्या चहाचा खर्च फ्रिजच्या किमतीच्या आसपास गेला असावा. अ‍ॅप विचारत होतं: बक्षिसाची रक्कम किती? दादांनी टाकलं: ‘पाव फ्रिज.’ ते आकडाच मागत राहिलं.

या मानानं बिबट्याचा व्यवहार सरळ होता. उसातनं बिबट्या आला, वहिनींची शेळी नेली. वनखात्याचा पंचनामा झाला आणि काही काळानं भरपाई खात्यात आली. फोन किणकिणला: ‘नवीन उत्पन्न आढळलं. हे दरमहा मिळणार आहे का?’

दादांनी उसाकडं नजर टाकली. “त्याला इचारावं लागंल.”

भाच्याच्या सुधारणेला खरा अडसर आला तो वहिनींच्या चोपडीचा. लाल कापडाच्या बांधणीची, लांबट, आहेराची चोपडी. दोन नणंदांची लग्नं, तीन मुलांची, घरभरणी, बारशी, सगळं त्यात आहे. नाव, गाव, आकडा. आकडा नसेल तिथं ‘स्टीलचा डबा (झाकण घट्ट नाही)’, ‘साडी, हलकी’, ‘घड्याळ, चालू’. शेवटच्या रकान्यात शेरे. ‘जेवले नाहीत.’ ‘उशिरा आले, अक्षता चुकल्या.’ ‘जोडीनं आले, एकच आहेर.’ एकाच्या नावापुढं नुसतीच फुली आहे. तिचा अर्थ विचारायची घरात कुणाची छाती नाही.

कुठलं लग्न निघालं की वहिनी चोपडी उघडतात. त्या घरानं आपल्या थोरलीच्या लग्नात पाचशे एक केले होते, मधे इतकी वर्षं गेली, तर आता आपण किती करायचे? या मधल्या वर्षांचा महागाईचा दर वहिनी स्वतः ठरवतात, रिझर्व्ह बँकेची वाट पाहत नाहीत. त्यात सोन्याचा भाव येतो, समोरच्याच्या मुलाची नोकरी येते, आणि मागच्या लग्नात त्यांनी आपल्याला पंगतीत कुठं बसवलं होतं तेही येतं. बाहेर पडणारा आकडा असा असतो की ना कमी म्हणता येतो, ना जास्त. वर एक.

भाच्यानं ही चोपडी पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. “मामी, हे सगळं ‘भेटवस्तू’मध्ये टाकू. वर्षाला किती खर्च होतो ते तरी कळेल.”

“खर्च कसला?” वहिनी म्हणाल्या. “ठेव आहे ती.”

आणि इथं भाचा सापडला. त्याचं स्वतःचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेचा मसुदा त्यानं मोठ्या अभिमानानं दाखवला. खाली चौकटीत छापलं होतं: ‘कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आहेर.’ त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या आक्कानं, तो मान्यही केला होता. शहरात तसंच करतात म्हणून. वहिनींनी तो कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि आक्काला फोन लावला. स्पीकरवर.

“आक्का, तुमची चोपडी कुठाय?”

पलीकडं थोडी खुडबुड झाली.

“तीस वर्षं सगळ्या भावकीत, पाहुण्यांत तुम्ही आहेर करत आला. ते सगळं आता येणं आहे. हे पोरगं एका ओळीत बुडवायला निघालंय.”

आक्का म्हणे त्या दुपारी चोपडी घेऊन बसली, बेरीज काढली आणि संध्याकाळी छापखान्यात फोन केला. ती चौकट गेली. तिच्या जागी आता बालगोपाळांचं आग्रहाचं निमंत्रण आहे. बस्ता बांधायला गेलो तेव्हा कुणाला कोणतं पातळ आणि कुणाला नुसता टॉवेल-टोपी, हेही त्याच दोन चोपड्या समोरासमोर ठेवून ठरलं. भाच्यानं मधेच लॅपटॉप उघडून यादी करू का विचारलं. त्याला चहा सांगायला पाठवलं.

वहिनी बचत गटाच्या सचिवही आहेत. दहा बायका, महिन्याला दोनशे, शेकडा दोननं आपापसात कर्ज. गटाचा हिशोब रजिस्टरात आहे, पण ते रजिस्टर बँकेच्या साहेबासाठी. खरा हिशोब दहा जणींना तोंडपाठ आहे. कुणाचा हप्ता राहिला हे हप्ता राहायच्या आधी नऊ जणींना माहीत असतं. भाच्यानं डेटाच्या सुरक्षिततेचा विषय काढला तेव्हा वहिनींना तो प्रश्नच कळला नाही. इथला डेटा चोरायचा तर दहा बायकांना एकाच वेळी गप्प बसवावं लागेल.

भाच्याचा स्वतःचा हिशोब मात्र बघण्यासारखा आहे. एका संध्याकाळी त्यानं तो दाखवला. रंगीत गोल चकती, तिच्या फोडी केलेल्या. घरभाडं जांभळं, कारचा हप्ता निळा, बाहेरचं जेवण केशरी. केशरी फोड चांगलीच मोठी होती. वहिनी चष्मा लावून बघत राहिल्या.

“हे केशरी काय रं?”

“बाहेरून मागवतो ना मामी, ते.”

“आणि शिल्लक कुठला रंग?”

भाच्यानं चकती बोटानं मोठी करून दाखवली. जांभळ्या आणि निळ्याच्या मधे एक पांढरी रेघ होती.

त्याची प्रत्येक नोंद चोख. चहाचे पंधरा रुपयेही सुटलेले नाहीत. वीस तारखेनंतर नोंदायला काही उरत नाही, एवढंच. दादांच्या हिशोबात मेळ नाही, पण बराखीत कांदा आहे.

तो विकला त्याच आठवड्यात भाचा पुन्हा आला. सुट्टी नसताना आणि मध्येच. मामीच्या हातची मासवडी खाल्ली, गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, पाऊसपाण्याची चौकशी केली. दादा ओळखून होते. इतकी वर्षं आडत्याकडं उचल मागायला स्वतः गेल्यामुळे, माणूस पाऊसपाण्याचं बोलायला लागला की किती लागणार याचा त्यांना साधारण अंदाज येतो.

फ्लॅटचं ठरलं होतं. बँकेचं कर्ज मंजूर, पण स्टँपड्युटी आणि बिल्डरला द्यायचे काही अडले होते. अ‍ॅपनं त्याला ‘प्री-अप्रूव्ह्ड’ कर्ज देऊ केलं होतं, पण त्याचा व्याजदर ऐकून वहिनींनी पदर तोंडाला लावला. “गटाचं सुद्धा इतकं नाही गं बाई,” त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या. “भावजी, हे फोन फुकटात हिशोब ठेवतात ते यासाठी होय!”

दादांनी काही विचारलं नाही. परत कधी देणार, हेही नाही. चष्मा चढवला, फोन काढला, एक-एक बोटानं लाखाचा आकडा टाकला आणि पाठवला. लगेच अ‍ॅप पुढं झालं: ‘हा खर्च कोणत्या खात्यात टाकू?’

यादी खालीवर करून झाली. ‘घरभाडं’ नव्हे, घर आपलं नाही. ‘भेटवस्तू’ नव्हे, वहिनींची चोपडी वेगळी. ‘गुंतवणूक’वर बोट थोडं थबकलं, पण भाच्याकडं एकदा पाहून पुढं सरकलं. ‘भाचा’ असं खातंच नव्हतं. शेवटी ते ‘पेट्स’वर येऊन थांबले. निळ्या पट्ट्याचं पिल्लू हसत होतं.

“मामा, ते बैलांचं आहे,” भाचा म्हणाला.

“ठाऊक हाये. यांचा खर्च कधी वसूल झालाय का कुणाला? आन् कुणी इचारतं का?” त्यांनी बोट टेकवलं.

तेवढ्यात भाच्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून पाहिला, परत ठेवला.

“काय म्हणतंय?”

“काही नाही मामा.”

वहिनींनी हात पुढं केला आणि फोन घेतला. पडद्यावर फटाके उडत होते.

“अभिनंदन म्हणतंय,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “उत्पन्न वाढलं म्हणून.”